'इन टाइम' की 'ऑन टाइम'? प्रेपोझिशन बदललं की अर्थ फिरतो अशा जोड्या हव्यात

पाटीपेन्सिल

नमस्कार मंडळी,

आमच्या गावच्या वाचनालयात आम्ही तिघीजणी संध्याकाळी मोठ्या माणसांसाठी इंग्रजी बोलण्याचा वर्ग चालवतो. फी नाही, परीक्षा नाही, चहा मात्र असतो. येणारे बहुतेक मराठी माध्यमाचे, पाचवीत पहिल्यांदा इंग्रजी बघितलेले. दवाखान्यातल्या दोन सिस्टर, एसटीतले एक कारकून, कुरिअरवाला एक पोरगा, काही गृहिणी. शब्द येतात, काळही बरे जमतात. अडतं ते प्रेपोझिशनपाशी.

'डिपेंड ऑन', 'अफ्रेड ऑफ' छाप याद्या कुठल्याही गाइडात मिळतात, त्या नकोत. मला हव्यात अशा जोड्या, जिथे दोन्ही प्रेपोझिशन व्याकरणात चपखल बसतात पण अर्थ पार बदलतो. 'ऑन टाइम' म्हणजे ठरल्या वेळेला, 'इन टाइम' म्हणजे उशीर व्हायच्या आत. एसटी ऑन टाइम सुटते, आपण ती पकडायला इन टाइम पोचतो. 'ॲट द एंड' म्हणजे कशाच्या तरी शेवटाला, रस्त्याच्या नाहीतर सिनेमाच्या. 'इन द एंड' म्हणजे सरतेशेवटी. 'मेड ऑफ वुड' म्हटलं की लाकूड अजून लाकूडच दिसतंय. 'मेड फ्रॉम' म्हटलं की मूळ वस्तूचं रूप पालटलंय, उसाची साखर होते तसं.

माझं मत असं की चुकीच्या प्रेपोझिशनने फारसं बिघडत नाही. 'डिस्कस अबाउट' म्हटलं तरी समोरच्याला कळतं, फार तर तो मनात हसेल. बिघडतं ते बरोबर, पण भलतं प्रेपोझिशन पडलं की. वाक्य शुद्ध असतं, त्यामुळे ऐकणाऱ्याला शंकाच येत नाही. म्हणून शिकवायचं तर आधी हे.

तुमच्या रोजच्या कामातल्या जोड्या सांगा. आणि पाठांतराचा उपयोग होतो का, तेही.

चहाबाज

मी पयला!

'थ्रो टू' आणि 'थ्रो ॲट'. आमचे साहेब फाइल आमच्याकडे टाकतात की आमच्या अंगावर, ते यावरून ठरतं.

हिंजवडीचा_वारकरी

आयटीत सगळ्यात महागात पडणारी जोडी म्हणजे 'बाय फ्रायडे' आणि 'टिल फ्रायडे'. मराठीत दोन्हीला 'शुक्रवारपर्यंत'. 'शुक्रवारपर्यंत देतो' आणि 'शुक्रवारपर्यंत इथेच आहे', आपल्याला क्रियापदावरून कळतं, वेगळा शब्द लागत नाही. इंग्रजीला लागतो. 'बाय' म्हणजे मुदतीच्या आत कधीतरी एकदा, 'टिल' म्हणजे तोवर अखंड.

आमच्या टीममधल्या एका पोराने लंडनच्या क्लायंटला लिहिलं, 'आय विल वर्क ऑन धिस टिल फ्रायडे.' त्याला म्हणायचं होतं, शुक्रवारपर्यंत करून देतो. तिकडून उलट टपाली विचारणा: मग सोमवारपासून हे काम कोण बघणार? मॅनेजर, त्याचा मॅनेजर, सगळे कॉलवर. पोरगं बिचारं सांगतंय, अहो मी कुठेही जात नाहीये.

पाटीपेन्सिल, तुमचा मुद्दा यातच आला. त्याने 'विदिन टू फ्रायडे' असलं काही लिहिलं असतं तर क्लायंटने परत विचारलं असतं, आणि विषय संपला असता. वाक्य चोख होतं म्हणूनच गोंधळ झाला.

सांजवेळ

'लाफ विथ' आणि 'लाफ ॲट'. शाळेत असताना वर्ग माझ्याबरोबर हसतो की मला हसतो हे समजायला प्रेपोझिशन लागत नव्हतं म्हणा.

मास्तर

निवृत्त शिक्षक. हायस्कूलला इंग्रजी आणि मराठी दोन्ही शिकवलं, म्हणून थोडं लांबण लावतो.

या जोड्यांना मुलं बिचकतात कारण आपण त्यांना सांगतो की हे इंग्रजीचं खूळ आहे. तसं नाही. मराठीत हेच काम विभक्तीचे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं करतात, फक्त ती नामाच्या मागे चिकटतात. वर चहाबाजांनी दिलेली जोडी घ्या. 'चेंडू त्याच्याकडे फेकला' आणि 'चेंडू त्याच्यावर फेकला'. आहे की नाही 'टू' आणि 'ॲट'? सांजवेळ यांच्या वाक्यात तर 'माझ्याबरोबर हसतो' आणि 'मला हसतो' हे त्यांनी स्वतःच लिहिलंय.

आणखी एक. 'मी घरी आहे' आणि 'मी घरात आहे'. फोनवर कोणी विचारलं तर आपण 'घरी आहे' म्हणतो, तेव्हा अंगणात झाडांना पाणी घालत असलो तरी ते खरं. 'घरात आहे' म्हटलं की चार भिंतींच्या आत. 'ॲट होम' आणि 'इन द हाउस' यांतला फरक बराचसा हाच. आठवीच्या वर्गात हे फळ्यावर लिहिलं की मागच्या बाकावरची पोरंही मान वर करायची, कारण पहिलं वाक्य त्यांचं होतं.

तेव्हा पाटीपेन्सिल बाई, माझं सांगणं इतकंच: आधी मराठी जोडी द्या, मग इंग्रजी.

गाडीतळ_हडपसर

मास्तर, मान्य, पण अर्धवट. घरी-घरात जुळलं हे नशीब. 'वर' घेऊन बघा.

पुण्यात 'गाडीवर आलोय' म्हणजे टू-व्हीलरवर. 'तो पाटलांच्या गाडीवर आहे' म्हणजे पाटलांकडे ड्रायव्हर आहे. 'कोपऱ्यावरच्या गाडीवर भेट' म्हणजे वडापावच्या. एकच 'गाडीवर', आणि यातल्या फक्त पहिल्याला 'ऑन' चालतं. उलट इंग्रज बसमध्ये बसला तरी 'ऑन द बस', कारमध्ये बसला की 'इन द कार'. टपावर कोणीच नाही! मराठीवरून उड्या मारल्या तर दर दुसऱ्या उडीला पाय मुरगळणार.

निमा_एनजे

गाडीतळ, +१. बस, ट्रेन, विमान, जहाज या सगळ्यांना 'ऑन', आणि कार, टॅक्सी यांना 'इन'. मुलीला तिच्या इथल्या टीचरने सांगितलेली खूण अशी: ज्यात उभं राहून चालता येतं त्याला 'ऑन', ज्यात वाकून शिरावं लागतं त्याला 'इन'. शास्त्रोक्त आहे का माहीत नाही, पण चालतं.

झाडाचंही तसंच. आपल्याकडे पोपटही झाडावर आणि आंबेही झाडावर. इंग्रजीत पोपट 'इन द ट्री', कारण तो फांद्यापानांच्या आत बसलाय. आंबा 'ऑन द ट्री', कारण तो झाडालाच लागलाय.

अमेरिकेतल्या जोड्या हव्या असतील तर सवडीने लिहिते. डबे भरायचेत.

कट्ट्यावरचा

झाडाला पोपट लागलेत का मग?

गोलंदाज_निवृत्त

धाग्यावर इतके प्रतिसाद झाले आणि क्रिकेट नाही? 'ओव्हर द विकेट' आणि 'राउंड द विकेट'. उजव्या हाताचा बोलर स्टंपच्या डाव्या बाजूने आला, म्हणजे चेंडूचा हात स्टंपलगत, तर ओव्हर. दुसऱ्या बाजूने आला तर राउंड. विकेटच्या वरून कोणी उडी मारत नाही की भोवती प्रदक्षिणा घालत नाही. शब्दावरून काहीही कळणार नाही, बघूनच शिकायचं.

आणि 'आउट फॉर नाइन्टीनाइन' म्हणजे गेला बिचारा. 'नॉट आउट ऑन नाइन्टीनाइन' म्हणजे आपण अजून नखं खातोय. धावा केल्या, पण 'ऑफ' किती चेंडूंत, ते आणखी वेगळं. स्कोअर म्हणाल तर आपण 'दीडशे फॉर तीन' म्हणतो, ऑस्ट्रेलियन 'तीन फॉर दीडशे'. 'फॉर' तेच, बाजू उलट्या.

लीड्सची_सिस्टर

वर्गात दोन सिस्टर येतात म्हणून मुद्दाम लिहितेय. त्यांना एक जोडी पक्की करून द्या: 'इन्क्रीज बाय' आणि 'इन्क्रीज टू'. पेशंट रोज ५ मिलिग्रॅम गोळी घेतोय. डॉक्टर म्हणाले 'इन्क्रीज बाय टेन', तर डोस झाला १५. 'इन्क्रीज टू टेन', तर झाला १०. दोन्ही वाक्यं बरोबर, दोन्ही डोस शक्य कोटीतले. फोनवर, वॉर्डात कुणीतरी कण्हत असताना, 'बाय' आणि 'टू' ऐकू यायलाही धड येत नाहीत. त्यात 'टू' म्हणजे दोनसुद्धा. म्हणून तोंडी ऑर्डर घेतली की आम्ही ती लिहून परत वाचून दाखवतो, आणि शेवटचा आकडा बोलून घेतो, 'सो द न्यू डोस इज टेन?' असं.

दुसरी जोडी, 'टायर्ड फ्रॉम' आणि 'टायर्ड ऑफ'. पहिलं म्हणजे दमलेय, दुसरं म्हणजे विटलेय. 'आय ॲम टायर्ड ऑफ वॉकिंग' असं पेशंट म्हणाला तर तो थकलाय की फिजिओथेरपीला कंटाळलाय, हे वेगळे उपाय आहेत.

आणि 'ऑफ हिज फूड'. इथल्या म्हाताऱ्या बायका नवऱ्याबद्दल सांगतात. अन्नावरची वासना उडालीय. यातला 'ऑफ' मला फार आवडतो.

बँकेतला

सिस्टरबाई, आमच्याकडेही 'बाय' आणि 'टू' हीच जोडी. ७ फेब्रुवारी २०२५ ला रिझर्व्ह बँकेने रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या व्याजाने कर्ज देते तो दर, ६.५० वरून ६.२५ टक्के केला. म्हणजे दर 'बाय' पाव टक्का उतरला, 'टू' सव्वासहा. त्याच वर्षी जूनमध्ये सहावरून साडेपाच. काउंटरवर एक काका पेपर घेऊन आले, म्हणाले, दर अर्ध्या टक्क्यावर आलाय, माझा हप्ता किती होणार? मी म्हटलं, काका, अर्ध्या टक्क्या'वर' नाही, अर्ध्या टक्क्या'ने'. मराठीतही एवढ्याशा प्रत्ययावर संसार चाललेत.

रच्याकने, माझं इथलं नावच बघा. 'मी बँकेत आहे' म्हणजे नोकरीला आहे, की पासबुक भरायला आलोय? इंग्रजीत 'ॲट द बँक', 'इन द बँक', 'विथ द बँक'. 'विथ' म्हटलं की नोकरी नक्की. 'इन द बँक' तर पैशांबद्दलही म्हणतात.

वकीलसाहेब

कायदा या विषयावर मुका नाही. जनरल क्लॉजेस ॲक्ट, १८९७, कलम ९. त्यात दोन प्रेपोझिशनची व्यवस्थाच लावून ठेवली आहे. केंद्रीय कायद्यात 'फ्रॉम' असेल तर त्या मालिकेतला पहिला दिवस वगळायचा, 'टू' असेल तर शेवटचा दिवस धरायचा. सव्वाशे वर्षांवर हे कलम मुदती मोजायला वापरात आहे.

उदाहरण देतो. १ जूनपासून ३० दिवसांत अपील करायचंय आणि शब्द 'फ्रॉम' आहे. १ जून सोडून द्या, २ जून पहिला दिवस, तिसावा दिवस १ जुलै. पक्षकार हमखास ३० जून धरून धापा टाकत येतात. त्यात नुकसान नाही. जे उलट मोजतात, त्यांचं होतं. पुढचं कलम १० सांगतं की शेवटच्या दिवशी कोर्ट किंवा कचेरी बंद असेल तर उघडल्यावर पहिल्या दिवशी केलेलं चालतं.

खाजगी करारात मात्र हा कायदा आपोआप धावून येत नाही. तिथे 'बाय', 'टिल', 'बिफोर' यांवर भांडणं होतात. म्हणून आम्ही 'ऑन ऑर बिफोर' लिहितो. पाल्हाळ वाटतो, पण नुसत्या 'बिफोर' मध्ये तो दिवस जातो आणि नुसत्या 'ऑन' मध्ये आधीचे सगळे दिवस.

पाटीपेन्सिल

वकीलसाहेब, हे फारच भारी! कलम ९ छापून भिंतीला लावते.

हिंजवडीचा_वारकरी

म्हणजे अर्ध्या आयटीने जे 'शुक्रवार धरून की सोडून' म्हणून डोकं फोडलं ते १८९७ लाच मिटवलं होतं.

वकीलसाहेब

मिटवलं फक्त 'फ्रॉम' आणि 'टू' पुरतं. 'बाय' तुम्हालाच निस्तरायचंय.

इतिहासवेडा

मग प्रेपोझिशनचं सगळ्यात गाजलेलं वाक्य कसं कोणाला आठवलं नाही? १९ नोव्हेंबर १८६३, गेटिसबर्ग, अब्राहम लिंकन. 'ऑफ द पीपल, बाय द पीपल, फॉर द पीपल'. नाम एकच, अव्ययं तीन, आणि लोकशाहीची अख्खी व्याख्या. नागरिकशास्त्रात आपण 'लोकांचे, लोकांनी, लोकांसाठी' घोकलं, तिथेही काम प्रत्ययांनीच केलं.

दुसरं उदाहरण संयुक्त राष्ट्रांचा ठराव २४२, २२ नोव्हेंबर १९६७. इस्रायलने व्यापलेल्या प्रदेशांतून माघार घ्यावी, पण 'सगळ्या' की 'काही', यावर आजतागायत वाद.

मास्तर

पहिलं उदाहरण सोळा आणे. दुसरं इथलं नव्हे. ठराव २४२ चा वाद 'फ्रॉम' वर नाही, 'फ्रॉम टेरिटरीज' मध्ये 'द' नाही यावर आहे. ते आर्टिकल, प्रेपोझिशन नव्हे.

इतिहासवेडा

इंग्रजीत आर्टिकल, कबूल. पण फ्रेंच मसुद्यात 'दे तेरितुआर' आहे आणि तो 'दे' म्हणजे प्रेपोझिशन आणि आर्टिकल यांची संधी आहे. तेव्हा निम्मा मार्क द्या.

मास्तर

दिला. उरलेला निम्मा फ्रेंचच्या सरांकडून घ्या.

कट्ट्यावरचा

लिंकनचं आमच्या कॉलेजातलं पाठांतर: 'ऑफ' ला एक एफ जास्त, 'बाय' म्हणजे विकत घेणारा, आणि 'फॉर' चं 'फार'. जुना विनोद आहे, पण निवडणूक आली की ताजा होतो.

सांजवेळ

बँकेतले यांनी 'रच्याकने' लिहिलं तेव्हापासून हसतेय. नवीन सभासदांसाठी: रच्याकने म्हणजे 'रस्त्याच्या कडेने', म्हणजे 'बाय द वे' चं आंतरजालीय मराठी. चेष्टेत जन्मलं आणि आता लोक गंभीर प्रतिसादातही वापरतात.

पण 'वे' ची पूर्ण फॅमिली बघा. 'ऑन द वे' वाटेवर. 'इन द वे' वाटेत आडवा. 'आउट ऑफ द वे' एका बाजूला, नाहीतर आडगावात. 'इन अ वे' एका अर्थी. 'अंडर वे' म्हणजे काम चालू. नवरा फोनवर 'ऑन द वे' म्हणतो तेव्हा तो अजून आंघोळीला गेलेला नसतो, तो अर्थ कुठल्याच डिक्शनरीत नाही.

चहाबाज

आमच्याकडे पाहुणे 'ऑन द वे' असतात, आणि आले की 'इन द वे'.

निमा_एनजे

सवड मिळाली. अमेरिका-ब्रिटन फरकाच्या जोड्या.

१. ब्रिटनमध्ये 'इन हॉस्पिटल' म्हणजे दाखल आहे, 'इन द हॉस्पिटल' म्हणजे त्या इमारतीत आहे, भेटायला गेला असेल. अमेरिकेत दाखल असला तरी 'इन द हॉस्पिटल'. माझ्या एका मैत्रिणीचा नवरा डॉक्टर. ऑफिसच्या पार्टीला एकटी गेली आणि सहज म्हणाली, 'ही इज इन द हॉस्पिटल.' दुसऱ्या दिवशी टेबलावर फुलं आणि सगळ्यांच्या सह्यांचं 'गेट वेल सून' कार्ड. 'ॲट द हॉस्पिटल' म्हटलं असतं तर वाचली असती. फुलं मात्र छान होती म्हणे.

२. 'इन लाइन' म्हणजे रांगेत. न्यूयॉर्कचे लोक मात्र 'ऑन लाइन' उभे राहतात, कॉम्प्युटरचा काही संबंध नाही.

३. 'मे फिफ्थ थ्रू नाइन्थ'. यात ९ तारीख धरलेली असते, वाद नाही. वारकरी, रजेचा मेल टाकताना हे वापरा. ब्रिटिशांना ऐकायला विचित्र वाटेल, पण समजेल.

४. 'क्वार्टर ऑफ फाइव्ह' काही भागांत म्हणतात. पावणेपाच. सव्वापाच नव्हे!

५. माझी मुलगी 'ऑन अकाउंट ऑफ' म्हणत नाही, पण 'ऑन ॲक्सिडेंट' म्हणते. 'बाय ॲक्सिडेंट' म्हण म्हटलं तर सांगते, 'ऑन पर्पज' चालतं मग हे का नाही? वर्गातली सगळी पोरं तसंच बोलतात. मी नाद सोडलाय.

खडकवासलेकर

मुलीचं लॉजिक बिनतोड आहे.

'पास आउट' राहिलं. आपल्याकडे 'मी २००४ ला पुणे विद्यापीठातून पास आउट झालो' हे सर्रास. इंग्लंड-अमेरिकेतल्या माणसाला वाटतं विद्यापीठात चक्कर येऊन पडला. पण हे आपण हवेतून काढलेलं नाही. ब्रिटिश लष्करात प्रशिक्षण संपवून बाहेर पडण्याला 'पासिंग आउट' म्हणतात, आणि आमच्या इथे एनडीएच्या, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या, खेत्रपाल मैदानावर दर सहामाहीला पासिंग आउट परेड होते. उन्हात दोन्ही अर्थांनी पास आउट होण्याची सोय.

मास्तर

हे 'आउट' मात्र प्रेपोझिशन नव्हे, क्रियापदाला जोडलेलं क्रियाविशेषण. पण धाग्याला आता व्याकरणाची वेस उरलेली नाही, तेव्हा चालू द्या.

गाडीतळ_हडपसर

मूळ प्रश्नाकडे वळूया का? बाईंनी विचारलं होतं, पाठांतराचा उपयोग होतो का. माझं मत: होतो, आणि तेवढ्यानेच होतो. 'ॲट' म्हणजे बिंदू, 'ऑन' म्हणजे पृष्ठभाग, 'इन' म्हणजे पोकळी, असली चित्रं यूट्यूबवर ढीगभर आहेत. मग 'ऑन मंडे' कुठला पृष्ठभाग? 'ॲट नाइट' बिंदू आणि 'इन द मॉर्निंग' पोकळी, कसं काय? चित्रं मागाहून डकवलेली आहेत. शब्दसमूह तोंडात बसवा, बस.

मास्तर

चित्र जागेला चालतं, वेळेला ढेपाळतं. एवढ्यावरून ते टाकून देऊ नये. 'ॲट द कॉर्नर' आणि 'इन द कॉर्नर' पाठ करून मुलं नेमकी उलट लक्षात ठेवतात. चित्र काढलं की चुकत नाहीत: रस्त्यांचा कोपरा बाहेरून दिसतो, तिथे माणूस 'ॲट'. खोलीचा कोपरा आतून दिसतो, तिथे स्टूल 'इन'.

लीड्सची_सिस्टर

दोघांनाही थोडं थोडं बरोबर म्हणते. मी ना पाठ केलं ना चित्रं काढली. वॉर्डात हँडओव्हर ऐकून ऐकून कानात बसलं. आपल्या कामात रोज लागणारं वाक्य दहादा ऐकलं की चुकीचं प्रेपोझिशन खड्यासारखं लागतं. म्हणून सगळ्यांना एकच यादी देऊ नये. कारकुनाला कारकुनाची, सिस्टरला सिस्टरची.

पाटीपेन्सिल

सिस्टरबाईंचं लगेच उचललं. कालच्या वर्गात ज्याला त्याला आपापल्या कामाची वाक्यं आणायला सांगितली होती. कुरिअरवाल्या पोराने ॲपवरचे शब्द वहीत उतरवून आणले: 'डिलिव्हर्ड टू', 'डिलिव्हर्ड बाय', 'रिसीव्ह्ड फ्रॉम', 'रिसीव्ह्ड बाय', 'लेफ्ट विथ', 'लेफ्ट ॲट'. पाचच प्रेपोझिशन, आणि त्याचा अख्खा दिवस त्यात मावतो. म्हणाला, मॅडम, 'लेफ्ट विथ सिक्युरिटी' म्हणजे माणसाच्या हातात दिलं, तक्रार आली तर तो जबाबदार. 'लेफ्ट ॲट सिक्युरिटी' म्हणजे केबिनपाशी ठेवून आलो, तक्रार आली तर मी. हे त्याला आम्ही कोणी शिकवलेलं नाही.

एसटीतल्या साहेबांनी 'बिहाइंड टाइम' आणि 'बिहाइंड द टाइम्स' आणलं. गाडी पहिली, डेपो दुसरा, असं तेच म्हणाले, मी नाही.

सिस्टर दोघींना 'बाय' आणि 'टू' ची आकड्यांसकट वाक्यं करून घेतली. त्यातली एक 'सो द न्यू डोस इज' असं म्हणायला आधी लाजत होती, डॉक्टरला उलट विचारल्यासारखं वाटतं म्हणून. मग दुसरीने डॉक्टर होऊन मुद्दाम पुटपुटत ऑर्डर दिली, तेव्हा हिने खणखणीत आवाजात तीनदा विचारलं.

मास्तरांचं 'घरी-घरात' ही वापरलं. चाललं. 'गाडीवर' घेतलं तेव्हा मात्र गाडीतळ यांचा विजय, पंधरा मिनिटं वडापाव कुठला चांगला यावर गेली.

कट्ट्यावरचा

कुठला चांगला मग?

गाडीतळ_हडपसर

त्याचा वेगळा धागा काढा. इथे लिंकनही आवरणार नाही.

वकीलसाहेब

'लेफ्ट विथ' आणि 'लेफ्ट ॲट' वर त्या मुलाने जे सांगितलं ते कोर्टात जवळजवळ तसंच मांडता येईल. ताबा कोणाला दिला, हाच प्रश्न असतो. त्याला पुढे शिकायचं असेल तर कळवा.

नवीन_सभासद_ठाणे

धागा आजच वाचला, वाचनखूण साठवली. एक अडचण विचारतो. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी गावी गेलेत. मेंटेनन्स थकल्याची नोटीस खजिनदारांनी काढली आणि खाली सही करून 'फॉर सेक्रेटरी' लिहिलं. सरकारी पत्रात 'जिल्हाधिकारी करिता' म्हणून दुसरा अधिकारी सही करतो, तसं. आता दुसऱ्या मजल्यावरचे काका म्हणतात, नोटीस सेक्रेटरीसाठी आहे असं खाली स्पष्ट लिहिलंय, मी का भरू?

मास्तर

'फॉर' सहीच्या वर-खाली असेल तर 'च्या वतीने'. पाकिटावर असेल तर 'साठी'. काकांना हे माहीत असणार. शिकलेले दिसतात.

वकीलसाहेब

नोटीस 'ऑन बिहाफ ऑफ द सेक्रेटरी' लिहून परत काढा. वर 'टू ऑल मेंबर्स' घाला. आणि मुदतीला 'ऑन ऑर बिफोर'.

नवीन_सभासद_ठाणे

काढली. काका आता विचारतायत, 'ऑल मेंबर्स' मध्ये भाडेकरू येतात का.